न धाडलेला मुराळी

शिवाजी पेठ, कोल्हापूर
सोमवार, ता. ५ डिसेंबर १९५५

ताने,

आशीर्वाद घे. पत्राच्या वरच्या अंगाला काय काय लिहायचं असतं ते सूनबाईनं, विमलानं सांगितलं होतं, मी विसरले. तू लेक आहेस, चालवून घे.

अक्षर बघून म्हणशील हे कुणाचं? माझं आहे. तुझ्या आईचं, स्वतःच्या हातचं. शेवू शेजारी बसलीय आणि माझी ओळ वर चढली की "आज्जे, खाली उतर" म्हणून ओरडते. शेवू म्हणजे वसंताची धाकटी, सहा वर्षांची. तू तिला बघितलेलं नाहीस. थोरली नंदिनी, तिलाही नाही.

तू नऊ वर्षं माझ्याशी बोलली नाहीस. मीही नाही. येऊ नको म्हणालीस तूच, मग मीही मान फिरवली. ते असू दे आज. आज मला एवढा आनंद झालाय की तो सांगायला घरातली माणसं पुरेनात, म्हणून तुला लिहायला बसले.

आमच्या घरात शाळा आहे! खरी शाळा. झालं असं, नंदिनी डावखुरी. डाव्या हातानं लिहिते म्हणून मास्तरांनी बोटं सुजेपर्यंत छडी मारली. विमला भाकरी थापत होती, ती पिठाच्या हातानं तशीच शाळेत गेली आणि दोन्ही पोरींची नावं काढून आली. वसंत कचेरीतून येऊन बघतो तर दप्तरं खुंटीला.

"आता काय पोरी घरात बसवणार?"

"बसवणार न्हाय, शिकवणार. लग्नाआधी दोन वर्षं मास्तरीण होते मी, ती काय झोपा काढायला?"

तेव्हापासून सोप्यात शाळा भरते. भिंतीवर कागद चिकटवलाय, कुठल्या वारी काय ते त्याच्यावर आहे. सोमवारी लेखन. तेच चाललंय आता, सगळ्यांनी कुणाला तरी पत्र लिहायचं. नंदिनीनं तिच्या कबनूरच्या मामाला लिहिलं, शेवूनं मांजराला.

आणि मी कशी शिरले त्यात? गणपतीत एकदा तांदूळ निवडत बसले होते, शेवू 'ख' उलटा काढत होती, मी म्हटलं, असा न्हाय ग, असा. विमला म्हणाली, "आत्ती, तुम्हाला येतंय की!" दुसरीपर्यंत गेले होते मी, मग बानं काढलं धाकट्या भावाला सांभाळायला. छापलेलं अडखळत वाचत होते, पण हातानं लिहिलेलं म्हणजे नुसत्या मुंग्या. आता मुंग्या एकेक करून ओळखू यायला लागल्यात.

वसंताला मात्र माझं शिकणं रुचत नाही. "आई, या वयात डोळं घालवून घेशील. तुला काय पायजे ते मी वाचून दाखवतोय की." लहानपणापासून काळजी करायचा स्वभाव त्याचा. तुझे बाबा गेल्यावर माझी सगळी पत्रं त्यानंच वाचली, त्यानंच लिहिली. कधी कंटाळा नाही.

हे पत्र तुला पाठवायचं का नाही ते अजून ठरवलं नाही. विमला म्हणते लिहिलेलं फाडायचं नाही. मग ठेवते.

मंगळवार

कालच्याच कागदाच्या पाठीवर लिहिते.

आज मापांचा धडा होता आणि मास्तरीण मी! विमला म्हणाली, पुस्तकात पौंड आणि औंस दिल्यात, आपल्या घरात ते कुठं आहेत? आत्ती, तुमची मापं काढा. मी माळ्यावरून सगळी उतरवली. पायली, अधोली, शेर, चिपटं, निळवं. राखेनं घासली. पोरींनी वाळूनं भरून भरून मोजलं, अंगणभर वाळू. किती निळव्यांचं चिपटं, किती चिपट्यांचा शेर, तोंडपाठ. मग मी विचारलं, वीस माणसं जेवायला येणार, सोळा आली, तर किती तांदूळ शिजवायचे? नंदिनी म्हणाली, सोळांचे. मी म्हटलं, चूक! विसांचेच शिजवायचे, चार जणं न सांगता येत्यात. विमला इतकी हसली, पदर तोंडाला लावून.

नंदिनीनं वहीत तसंच लिहून घेतलं. "पाव्हणे चार जास्त."

तुला हातमापानं घेता यायचं, आठवतं? माप लागायचं नाही. सासरी, आकारामाच्या घरी तुझं कोण कौतुक करतं का नाही कोण जाणे. शनिवारच्या बाजाराला तुमच्याकडचा पिराजी दूधवाला भेटतो, तो म्हणाला जावईबापू धरणाच्या कामावर लागलेत आणि तुला आता दोन मुलगे आहेत. मी नुसतं बरं म्हटलं. नावं विचारायची होती, विचारली नाहीत.

बुधवार

पाय दुखतात. रंकाळ्याला जाऊन आलो.

भूगोल होता. विमला म्हणते, भूगोल चालून कळतो. घरापासून तळ्यापर्यंत जायचं आणि वाटेत काय काय लागलं ते लक्षात ठेवून घरी नकाशा काढायचा. आम्ही चौघी निघालो. चिमणाबाई दारातच बसलेली, तिला काय, जिभेला खाज.

"काय ओ बाळाबाई, शाळा घरात आणि पोरी रस्त्यावर?"

मी म्हटलं, "व्हय की. तुमची नातवंडं शाळेत असूनबी रस्त्यावरच असत्यात, आमच्या निदान मास्तरणीबरोबर हायत."

विमला पुढं गेल्यावर म्हणाली, आत्ती, हे भूगोलात बसत न्हाय. मी म्हटलं, बसतं, शेजार हा भूगोलच.

घरी येऊन सोप्याच्या फरशीवर रांगोळीनं सगळा जिल्हा काढला. पंचगंगा निळीनं. कोल्हापूरला गूळ ठेवला. कबनूरला सुताची गुंडी ठेवली, तिथं विमलाचा भाऊ मागावर आहे. मग नंदिनी म्हणाली, आज्जी, तू पण एक गाव सांग. मी राधानगरी म्हटलं आणि तिथं मूठभर भात ठेवलं.

"तिथं कोण हाय आपलं?"

"तुझी आत्या."

शेवू म्हणाली, "आत्या? खरीखुरी? मग येत का न्हाय?"

मी म्हटलं, तिनंच नको म्हटलं बाई, आपण काय करणार. पोर गप बसली. पण नंदिनी गप बसणाऱ्यातली नाही. आत्याचं अक्षर कसं आहे? पत्रं आहेत का? मी म्हटलं, आहेत, तीन कार्डं, माझ्या ट्रंकेत तळाला. विमलाला तेच पाहिजे होतं, उद्या वाचनच आहे. ती म्हणाली, उद्या हातानं लिहिलेलं वाचायचं. आणि आत्ती, तुमची कार्डं तुम्हीच वाचायची.

मला हसू आलं. कार्डांत काय आहे ते मला पाठच आहे. मधल्यात नुसती खुशाली आहे, बाकीची दोन वसंताकडून दोनदोनदा वाचून घेतली होती. पाठ असलेलं वाचायला कसली हुशारी लागते!

गुरुवार

आज वाचन झालं.

शेवूला सर्दी आहे. दुपारी वांगी केली, मीठ जास्त पडलं, कुणी बोललं नाही.

ताने, तुझं अक्षर सुरेख आहे.

शुक्रवार, ता. ९

काल लिहिता आलं नाही. काल मी विमलालाही सांगितलं नाही. पहिल्या कार्डावर अडले, तर डोळे जडावले असं सांगून कार्ड पदराखाली घातलं आणि उठले. आज अंबाबाईचा वार, गाण्याचा धडा असतो. मी देवळात जाते म्हणून निघाले ते देवळात गेलेच नाही. परड्यात चिंचेखाली बसून तिन्ही कार्डं वाचली. एकेक अक्षरावर बोट ठेवून. दोनदा वाचली. मग तिसऱ्यांदा, मला अजून नीट येत नाही, माझंच चुकत असेल म्हणून.

चुकत नव्हतं.

तुझ्या पहिल्या कार्डात हे आहे. जसं आहे तसं उतरवते, तुझं तुला कळावं.

"आईस तानाचा नमस्कार. मला सातवा सरला. सासूबाई म्हणाल्या रीत आहे, पहिलं बाळंतपण माहेरीच करावं, आमची हरकत नाही. तर पौर्णिमेच्या आत वसंतदादाला मुराळी धाड. पाय सुजलेत, एकटीनं मोटारीत बसवत नाही. मी बोचकं बांधून ठेवलंय. आई, तूपण येतीस का? तू आलीस तर लई बरं."

आणि मला वसंतानं वाचून दाखवलं होतं ते असं. "सातवा सरला. सासूबाई म्हणतात बाळंतपण हिकडंच करायचं, सुईण हाताशी आहे. कुणाला धाडू नका. आई, तू येऊ नको." मी म्हटलं होतं, वसंता, परत वाच. त्यानं परत वाचलं. तसंच, एक शब्द हलला नाही. आता कळतं ग, कार्डाकडं न बघता वाचत होता.

लेकीला पहिल्या खेपेला न्यायला माहेरचं माणूस गेलं नाही, असं आपल्या सात पिढ्यांत झालं नसेल. मी नेसत्या लुगड्यानिशी उठून आले असते. नको म्हटलंस म्हणून उंबऱ्यात बसले. त्या दिवशी दुपारभर बडबडत होते, लेकीला सासर गोड झालं, आई नकोशी झाली. मग मी वसंताला उत्तर सांगितलं. तू नको म्हणालीस तरी डिंकाचे लाडू पाठवते, पाय खाली सोडून बसू नकोस, ओझं उचलू नकोस, आणि मन बदललं तर नुसतं एक कार्ड टाक, मी त्याच पावली येते. त्यानं लिहिलं. माझ्या समोर लिहिलं, टाक बुडवून. मी टाकाकडं बघत होते.

तुझ्या दुसऱ्या कार्डावरून कळलं त्यानं काय लिहिलं ते. "तुझं पत्र मिळालं. घर लहान आहे, विमलाला बाळ झालंय, जमत नाही, असं तू लिहिलंस. तुझं पत्र यायच्या आधी मी अकरा दिवस मोटारनाक्यावर जाऊन बसत होते. आता जाणार नाही."

हे कार्ड मला कधी वाचूनच दाखवलं नाही. खुशाली आहे म्हणाला आणि कार्ड हातात दिलं. मी ते कपाळाला लावून ट्रंकेत ठेवलं.

विमला त्या महिन्यात कबनूरला होती, माहेरी. नंदिनी तेव्हा महिन्याची. विमलाला बाळंतपणासाठी माझ्या वसंतानंच नेऊन पोचवलं होतं, दुलई अंथरून, हळू हाक म्हणून गाडीवानाला दहादा सांगत.

तिसरं कार्ड दोनच ओळींचं आहे. "मुलगी झाली. पाच दिवस राहिली. आता कुणी येऊ नका."

तेवढं मात्र त्यानं बरोबर वाचलं होतं.

शनिवार, ता. १०

शनिवारी व्यायाम असतो आणि मास्तर वसंत. कचेरी अर्ध्या दिवसाची. तो पोरींना परड्यात फुटबॉल शिकवतो. पेठेच्या टीममध्ये गोलकीपर होता तुझा दादा, तुला माहीत आहे, अजून पोरं रस्त्यात वाकून रामराम करतात. चेंडू घेऊन आला, शेवू उड्या मारत होती.

मी म्हटलं, "आज आधी वाचन. मग खेळ."

"आज वाचनाचा वार न्हाय, आई."

"मास्तरांनीबी वाचून दाखवायचं असतं. घे." आणि तुझं पहिलं कार्ड त्याच्या हातात दिलं.

ताने, त्यानं ओळखलं लगेच. माणसाचं तोंड असं पडलेलं मी एकदाच बघितलंय, तुझे बाबा गेले तेव्हा, याचंच. विमला दारात होती, तिला काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, वाचा की, आत्यांचं अक्षर कसं हाय बघू दे पोरींना.

त्यानं वाचलं. नमस्कार वाचला. सातवा सरला वाचलं. सासूबाईंची हरकत नाही, तेही वाचलं, आवाज बारीक होत गेला. मग "पाय सुजलेत" म्हणून थांबला.

नंदिनी त्याच्या कोपराखालून बघत होती. "बाबा, मधली एक ओळ गाळलीसा. वसंतदादाला मुराळी धाड. मुराळी म्हणजे काय?"

मग मीच सांगितलं, "लेकीला सासरहून माहेरी न्यायला जातो तो. भाऊ असतो बहुतेक."

"मग तुम्ही गेलतासा?"

वसंत खाली बसला. मातीतच, कचेरीच्या धोतरावर. विमलानं पोरींना आत नेलं, पण आतून ऐकत होती, मला बांगड्या ऐकू येत होत्या.

मी विचारलं, "का रे?"

"फायनल होती, आई."

"काय होती?"

"मॅच. पौर्णिमेलाच. दुसरा गोलकीपर न्हवता. मला वाटलं आठ दिवस ढकलू, मग दुसरं पत्र आलं म्हणून सांगू आणि जाऊन आणू तिला. तू लगेच निघशील म्हणून येऊ नको असं वाचलं. तू गेली असतीस तर मला यावंच लागलं असतं."

"आणि माझ्या नावानं उत्तर लिहिलंस ते?"

"आधी एक खोटं वाचलं, मग त्याला जुळतं लिवायला लागलं."

"आणि लाडू? मोटारवाल्याकडं द्यायला डबा दिलता तुला."

तो बोटानं मातीत रेघा ओढत बसला. मी परत विचारलं. मग म्हणाला, "टीमनं खाल्लं."

ताने, मला हसू आलं ग. देवाशपथ, हसूच आलं. दोन शेर डिंक मी खलबत्त्यात कुटला होता, हात भरून आले होते. अकरा पोरं माझ्या लेकीचे बाळंतपणाचे लाडू खाऊन पळाली मैदानावर.

"जिंकलासा का मग?"

मान हलवली. "न्हाय. एक गोल झाला. माझ्याच पायातनं गेला."

मग म्हणाला, मॅच झाल्यावर जाणारच होतो. तर पोरगी गेल्याचं कार्ड आलं. मग कुठल्या तोंडानं सांगू? रोज वाटायचं उद्या सांगू. तू अक्षरं गिरवायला लागलीस तेव्हापासून मला झोप न्हाय, आई.

म्हणजे डोळ्यांची काळजी ती ही.

मी त्याला मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. चेंडू पडला होता तो उचलून त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, जा, पोरींचा धडा बुडवू नको. तो गेला नाही. जेवायच्या वेळेला मीच वाढलं. आमटी दुसऱ्यांदा मागितली नाही, मीही विचारलं नाही. पोटचा आहे. त्याचं काय करायचं मला कळत नाही आणि ते विमलाच्या कागदावरही कुठं लिहिलेलं नाही.

विमलाला मी मग तिन्ही कार्डं वाचायला दिली. भांडी घासताना म्हणाली, "आत्ती, त्या महिन्यात मी आईच्या हातचं आयतं खात होते. आणि तिकडं त्या नाक्यावर." आणि घासलेलंच पातेलं परत घासायला लागली.

रविवार, ता. ११

आज सुट्टी. पोरी मांजराशी खेळतायत.

हे सगळे कागद एकाच पाकिटात घालते. सोमवारचाही घालते, त्यात तुला टोचून लिहिलंय, वसंताचं कौतुक केलंय, तरी फाडत नाही. मी कशी फसले ते दिसू दे तुला. पत्ता मीच लिहिणार आहे. वसंत सकाळी म्हणाला, मी येतो, पाय धरतो तिचे. मी म्हटलं, तुझं तू स्वतंत्र पत्र लिही, स्वतःच्या नावानं. माझ्या पत्रात आता तुला एक ओळ मिळायची न्हाय. टाक घेऊन बसलाय सकाळपासून. कागद कोराच आहे.

काल सगळा राग त्याचा आला होता, आज माझाच आला. मला वाचता येत नव्हतं, कबूल. पण पाय होते की! राधानगरी काय लंकेत आहे? दिवसाच्या दिवसात जाऊन येतात माणसं. लेक सात महिन्यांची गरोदर, आणि कुणीतरी वाचून दाखवलं येऊ नको, तर मी ऐकलं. आईनं असलं ऐकायचं असतं? पोरगी गेल्याचं कळलं तेव्हाही तू नको म्हणालीस म्हणून रुसून बसले. तुझा नको खरा होता तरी यायला पाहिजे होतं. हे वसंतानं केलं नाही, हे मी केलं. नऊ वर्षं मी लोकांना सांगत फिरले, लेकीनं मला तोडलं. आणि नाक्यावर बसलेली तू.

गुरुवारी सकाळच्या गाडीनं येते. एकटी येते. विमला सोबत येते म्हणाली, नको म्हटलं, तिनं शाळा बंद ठेवायची नाही. गाडीची पाटी मला वाचता येते.

घरी येत नाही. तुझ्या घरात यायचं तर तू बोलवावं लागेल. नाक्यावर उतरून तिथंच बसते, दुपारच्या परतीच्या गाडीपर्यंत. तू यायलाच पाहिजे असं नाही. नाही आलीस तर परत जाईन आणि पुढच्या गुरुवारी येईन, त्याच्या पुढच्याही. तुझी मुलं तिकडून जाता-येता दिसली तर मी हाक मारणार नाही, त्यांची नावं मला माहीत नाहीत.

राग धर. पण जी बाई घर लहान आहे म्हणून लिहिते तिचा धरू नको, ती मी नव्हते. जी ऐकून गप बसली, तिचा धर. ती मी आहे.

बाळाबाई, तुझी आई